आपला नव्हता

“एखादं पातळ काढ,” आबा दारातूनच म्हणाले. “विटलेलं नको. नेसण्यासारखं.”

मे महिन्यातली भर दुपार होती. दौंडच्या पोलीस लायनीतले पत्रे तापून कडकडत होते. आबा जेवायला आले असतील असं समजून मी ताट घ्यायला उठले, तर त्यांनी पायातले बूटही काढले नव्हते. टोपी काखेत, मानेवर घामाचा ओघळ, आणि नजर जमिनीकडे.

“कुणाला पातळ?” आईनं विचारलं.

“परवा रुळावर सापडली ती बाई. दवाखान्यात बर्फावर ठेवली होती. अजून कुणी आलं नाही. आता आणखी ठेवता येत नाही.”

“सरकार कापड देतं ना?”

“देतं. मांजरपाट. बाईमाणूस आहे, तिला तसंच गुंडाळून नेणं बरं दिसत नाही.” आबा थांबले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाले, “कलालाही घेऊन जातो.”

आईच्या हातातला पदर तिथंच राहिला. “लग्नाची पोर मढ्याला हात लावायला नेता?”

“दवाखान्यातली आया गावाला गेलीय. ठाण्यात बाई शिपाई नाही. मी आणि हातगाडीवाला जगू, दोघंही पुरुष. तिच्या अंगाला शेवटचा हात बाईचा लागावा, एवढंच.”

“परक्या मढ्यांचं किती करता हो तुम्ही,” आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मला तो ओळखीचा होता. “पोटच्या पोरासाठी एक दिवस रजा टाकली नाहीत कधी.”

यावर आबा कधीच बोलत नसत. आई उठली, पेटी उघडली, आणि ठेवणीतलं हिरवं पातळ काढून माझ्या अंगावर टाकलं. जुनं मागितलं असतं तर तिनं कदाचित दिलं नसतं. नवं मागितलं म्हणून दिलं. आई तशीच होती.

आबा, म्हणजे हवालदार रंगनाथ ताकवणे, रेल्वे पोलिसांत होते. दौंड म्हणजे जंक्शन. पुण्याकडून येणाऱ्या, सोलापूरकडे जाणाऱ्या, मनमाडकडे वळणाऱ्या सगळ्या गाड्या तिथं थांबत. आणि जिथं गाड्या थांबतात तिथं माणसंही संपतात. कुणी दारातून पडलेलं, कुणी रूळ ओलांडताना सापडलेलं, कुणी थंडीत फलाटाच्या टोकाला झोपलं ते उठलंच नाही. ज्यांच्या खिशात पत्ता सापडे त्यांच्या घरी तार जाई. ज्यांच्या खिशात काहीच नसे ते बेवारस.

बेवारस प्रेताची ड्यूटी कुणालाच नको असे. आबा ती मागून घेत. बाकीचे शिपाई थट्टा करत, “ताकवणे, तुमचा पाहुणा आलाय.” आबा उठत. रुळावर कुणी पडलेलं असलं की बाकीचे नाकाला रुमाल लावून लांब उभे राहत आणि आबा पुढं होऊन तोंडावरचं फडकं उचलत. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मग पंचनामा, दवाखाना, वाट बघणं, आणि शेवटी भीमेच्या काठावर, स्मशानाच्या पार टोकाला, बाभळींखाली माती. सरकारी कापड मिळालं तरी वरून एक धड कापड ते पदरचं घालत. खड्डा बुजेपर्यंत उभे राहत. घरी आले की बाहेरच्या मोरीत आंघोळ करत आणि न बोलता जेवत.

लायनीतल्या बायका आईला म्हणत, तुमचे मालक देवमाणूस आहेत. आई नुसतं “हं” म्हणे.

कारण आमच्या घरातलं एक माणूस हरवलं होतं, आणि या देवमाणसानं त्याला शोधलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ दिगंबर. दिगू. मी आठ वर्षांची असताना तो गेला. तेव्हा कोळशाची इंजिनं होती. यार्डात लायनीतली आणि झोपडपट्टीतली पोरं कोळसा चोरत आणि गावात विकत. एकदा पाच-सहा पोरं सापडली. त्यांत दिगू होता. सतराव्या वर्षातला, मिसरूड फुटलेला. आबांनी भर फलाटावर, गाडी उभी असताना, सगळ्या माणसांदेखत त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारलं. दिगू रडला नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी अंथरूण रिकामं होतं.

आई वेड्यासारखी फिरली. नातेवाइकांकडे, देवळांत, भविष्य सांगणाऱ्यांकडे. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी ड्यूटीवर गेले. पुढं त्यांना जमादारकी मिळत होती, तीही त्यांनी घेतली नाही. आईला वाटलं, या माणसाला कशाचीच हौस नाही, ना पोराची, ना बढतीची. पूर्वी ते तिला “दिगूची आई” म्हणून हाक मारत. त्या दिवसापासून “ऐकलंस का” म्हणू लागले. घरात ते नाव पुन्हा कुणी उच्चारलं नाही. मीही आईच्या बाजूची होते. आबांशी तुटक वागत होते.

म्हणून त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर निघाले ती काही भक्तीनं नाही. नाही म्हणायचा धीर झाला नाही, इतकंच.

दवाखान्याच्या मागं एक बसकी खोली होती. बाहेर हातगाडी घेऊन जगू उभा होता. आबांनी दार उघडलं, मला आत सोडलं आणि स्वतः उंबऱ्याच्या बाहेर, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं. दगडी ओट्यावर ती होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कपाळाच्या एका बाजूला मोठी जखम होती. बाकी चेहरा शाबूत होता, झोपलेल्या माणसासारखा. हातांत काचेच्या बांगड्या, दोन-तीन न फुटलेल्या.

“आबा, मला नाही जमणार.”

“घाबरू नको.” त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. “तिच्याशी बोल. बोललं की भीती जाते.”

“काय बोलू?”

“जे करतेस ते सांग तिला. आजारी माणसाचं करताना सांगतो ना, तसं.”

मी जवळ गेले. मग म्हणाले, “हात उचलते हं, ताई.” हात उचलला. तो गार होता आणि जड होता. “आता कुशीवर वळवते.” असं एकेक सांगत मी पातळ तिच्याभोवती घेतलं. निऱ्या जमण्यासारख्या नव्हत्या, पण पदर मी खांद्यावरून नीट आणला. केस भिजलेले होते ते कानामागं सारले. शेवटी शेवटी मी तिला, ऊन किती आहे, बाहेर माझे वडील उभे आहेत, असलंही काहीबाही सांगत होते. बाहेर आले तेव्हा भीती गेली होती.

आबांनी आत जाऊन एकवार पाहिलं. “चांगलं नेसवलंस,” म्हणाले.

बाजारपेठेतून हातगाडी निघाली. पुढं जगू, मागं आबा, टोपी हातात, डोकं उन्हात. त्यांच्या मागं मी. दुकानदार क्षणभर उभे राहत आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळत. एरवी जिच्यामागं घरदार रडत निघालं असतं तिच्यामागं आम्ही दोघं होतो.

खड्डा तयार होता. जगूनं आणि आबांनी तिला खाली ठेवलं. मग आबा काठावर उभे राहिले आणि समोर माणूस बसल्यासारखं साध्या आवाजात बोलले.

“बाई, तुझं नाव आम्हाला ठाऊक नाही. तुझा धर्म ठाऊक नाही. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. तुझं माणूस आलं की आम्ही त्याला जागा दाखवू.”

पहिली मूठ त्यांनी टाकली, दुसरी मी. परत येताना मी विचारलं, “जाळत का नाहीत, आबा?”

“जाळलं की संपलं. उद्या कुणी आलं तर काय दाखवायचं?”

“येतं का कुणी?”

“येतं. एखादा.”

त्या वेळी दिगूचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. यांच्यासाठी एवढं करता, मग त्याच्यासाठी का नाही? पण त्यांच्या पाठीवरचा शर्ट घामानं चिकटलेला होता आणि त्यांची चाल एकदम म्हाताऱ्या माणसासारखी वाटत होती. मी नुसती मागून चालत राहिले.

आठवडा-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी शेजारचा शिपाई सांगायला आला, हवालदारसाहेबांनी कलाला नदीवर बोलावलंय. आई दारात येऊन म्हणाली, “आता आणखी कोण?” मी धावतच गेले.

बाभळींखाली आबा उभे होते. त्यांच्याजवळ जमिनीवर एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, डोक्यावर मळकी टोपी, मांडीवर कपड्यांचं पुडकं. आबांनी त्या बाईच्या अंगावरचे कपडे धुऊन, वाळवून, कागदात बांधून ठाण्यात जपून ठेवले होते. त्यातलं पोलकं उलटं करून म्हातारा शिवणीवरून अंगठा फिरवत होता.

“ही तुरपाई माझी हाय,” तो मला म्हणाला. मी कोण, कुठली, काही न विचारता. “रमझानला शिवलं होतं तिला.”

त्याचं नाव इमाम मुलाणी. बार्शीकडच्या वैरागचा शिंपी. लेकीचं नाव जैतून. ती खडकीला दिली होती. माहेरी येते असा तिचा निरोप आला होता, म्हणून तो कुर्डुवाडीच्या फलाटावर जाऊन उभा राहिला. गाडी आली, पण ती उतरली नाही. दुसरी गाडी आली. तीही रिकामीच गेली. तेव्हापासून तो एकेका स्टेशनावर उतरत, विचारत, परत चढत इथवर पोहोचला होता.

“पडली का हो साहेब,” त्यानं आबांना विचारलं, “का तिनं...”

आबा त्याच्यासमोर खाली बसले. “मला ठाऊक नाही, बाबा. बघणारं कुणी भेटलं नाही. ठाऊक असतं तर सांगितलं असतं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, “माती दिलीत. आमच्यात मातीच देत्यात. तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनाच माती देतो.”

“आन् अंगाला हात कुणाचा लागला तिच्या?”

आबांनी माझ्याकडे बोट केलं. “हिचा. माझी मुलगी. हिनं नेसवलं.”

म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. त्याचे डोळे कोरडे होते. मग तो उठला, मातीसमोर उभा राहून ओंजळ पसरली आणि दुवा म्हणू लागला. आबा टोपी काढून, मान खाली घालून, तो संपवेपर्यंत हलले नाहीत.

“गाडीला अजून अवकाश आहे,” आबा शेवटी म्हणाले. “घरी चला. दोन घास खाऊन जा.”

आईनं काही विचारलं नाही. पाहुण्याला बघितलं आणि तिला सगळं समजलं असावं. तिनं पाट मांडला, भाकरी, पिठलं, कांदा, ताकाचा पेला ठेवला. आबा त्यांच्या शेजारी बसले. इमामचाचांनी एक तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवून बसून राहिले.

“खा, भाऊ,” आई म्हणाली. “रिकाम्या पोटी एवढा प्रवास करू नका.”

“खातो, बहिणी.” त्यांनी तुकडा तोंडात घातला, पण गिळवेना. “आज झोप लागंल असं वाटतंय. इतके दिस कुठं पडली आसंल, कुत्री-मांजरं... डोळा लागत नव्हता. कुठंबी इचारलं की लोक हाकलत्यात. आन् ह्या साहेबांनी पोरीचं कापड धुऊन ठेवलं होतं. सख्ख्या भावानं न्हाई करायचं असलं.”

“तुम्ही निदान शोधायला निघालात,” आई म्हणाली.

ती चुलीकडे तोंड करून बोलली. पण खोली लहान होती. इमामचाचांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आबांकडे. त्यांच्या सगळं लक्षात आलं असावं. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

“साहेब, तुमचं कोण गेलंय?”

मला वाटलं, आबा उठून बाहेर जातील. एरवी ते तसंच करत. पण त्या दिवशी त्यांना उठता आलं नाही. समोर लेकीला माती देऊन आलेला माणूस बसला होता. त्याच्यापुढं ते खोटं बोलू शकले नसते.

“मुलगा,” आबा म्हणाले. “थोरला. दिगंबर. दहा-अकरा वर्षं झाली.”

आई वळली. ते नाव तिनं त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकलं होतं.

“कोळसा चोरताना धरला. सहा पोरं होती. बाकीच्यांचे कान पिळून सोडून दिली. त्याला मारलं. पोलिसाचा पोर म्हणून मारला. लोकांनी म्हणायला नको, आपल्या पोराला सोडलं.” आबा ताकाच्या पेल्याकडे बघत बोलत होते. “दुसऱ्याचा असता तर त्याला हात लावला नसता मी.”

बाहेर नळावर कुणाची तरी कळशी भरत होती.

“शोधायचं म्हणजे कुठं शोधायचं? हिंदुस्थानभर रूळ आहेत. पोर गाडीत बसून गेलं ते मुंबईला गेलं का मद्रासला, कुणी सांगावं. मग मी ठरवलं, आपण हितंच थांबायचं. हितं चारी दिशांच्या गाड्या येतात. तो जिवंत असला तर एक ना एक दिवस हितनं जाईल. आणि नसला...” ते थांबले. “नसला तरी कदाचित हितनंच जाईल. म्हणून जमादारकी घेतली नाही. बदली झाली असती. म्हणून ती ड्यूटी मागून घेतो. या दहा-अकरा वर्षांत जेवढी माणसं सापडली तेवढ्यांच्या तोंडावरचं फडकं मी स्वतः उचललंय. दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही. दर वेळी हात जातो तेव्हा वाटतं, हाच. आणि नसतो.”

“आन् नसला की?” इमामचाचांनी हळूच विचारलं.

“नसला की सुटल्यासारखं होतं. मग लाज वाटते. तो आपला नसला तरी दुसऱ्या कुणाचा असतोच. म्हणून त्याचं सगळं नीट करतो. म्हणतो, माझा पोर जिथं कुठं पडला असेल, तिथलाही एखादा हवालदार त्याचं असंच करो.”

आई भिंतीचा आधार घेत खाली बसली. तिथूनच तिनं विचारलं.

“मला का नाही सांगितलंत?”

“दिगूची आई,” आबा म्हणाले. तीच जुनी हाक. “तुला सांगितलं असतं तर मी घरी यायच्या वेळी तू रोज दारात उभी राहिली असतीस. आज कोण होतं, म्हणून रोज विचारलं असतंस. एकट्यानं बघितलेलं पुरे होतं.”

इमामचाचा उठले. हात धुतले आणि आबांच्या खांद्यावर ओला हातच ठेवला. गाडीपर्यंत आबा त्यांना सोडायला गेले. आई भिंतीला टेकून तशीच बसून होती. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, “मी काय काय बोलले गं त्यांना.” आणि पदरात तोंड खुपसून रडली. दिगू गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

आबा म्हणाले होते तसंच झालं. त्या दिवसानंतर रुळावर कुणी सापडल्याची बातमी लायनीत आली की आईचे हात काम करायचे थांबत. आबांची यायची वेळ झाली की ती दारात उभी राही. तोंडानं विचारत नसे. आबा लायनीच्या तोंडाशी आले की तिथूनच मान हलवत आणि जवळ आल्यावर हळूच म्हणत, “आपला नव्हता.” ती आत जाऊन त्यांच्या आंघोळीचं पाणी काढी. इतकी वर्षं दोघं एका घरात दोन अनोळखी माणसांसारखी राहिली होती. आता ती दोघं जवळ आली, पण ज्यानं जवळ आली त्यानंच आईला पोखरलं. ती जेवेनाशी झाली. झोपेत दचकू लागली. मला कधी कधी वाटे, तिला कळलं नसतं तर ती आबांवर चिडून का होईना, जगली असती. पण मग ती त्यांना ओळखल्याशिवायच गेली असती. यातलं बरं कोणतं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या काही वर्षांतच ती गेली. शेवटच्या दिवसांत आबांना म्हणाली, “मी नसले की घरी येऊन कुणाला सांगाल?”

“कलाला सांगेन.”

आणि ते मला सांगत. मी तोवर बी.ए. होऊन एका खाजगी शाळेत शिकवत होते. संध्याकाळी वह्या तपासत बसले की आबा येत. “आपला नव्हता.” मी पाणी काढायला उठे.

मग ते निवृत्त झाले. ठाण्यात नारळ, शाल, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीनं लवकर उठले, दाढी केली, आणि खुंटीपाशी जाऊन थांबले. खुंटीवर वर्दी नव्हती. पुढं काही दिवस ते स्टेशनवर जाऊन बाकावर बसत. एकदा यार्डात कुणी सापडलं तेव्हा तेही तिथं गेले. नवीन शिपायानं त्यांना अदबीनं, पण लांबच थांबवलं. “काका, तुम्ही तिकडं उभे राहा.” आबा घरी आले आणि मला काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांना काही दिसलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी फौजदाराच्या परीक्षेचा अर्ज भरला. त्यांना कळल्यावर ते चिडले.

“शाळेतली चांगली नोकरी सोडून हे काय खूळ? तुला कुणी सांगितलंय?”

“कुणी नाही.”

“मग?”

“तुम्ही रिटायर झालात म्हणून,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसले. अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

मी परीक्षा दिली, निवड झाली, नाशिकला प्रशिक्षण झालं. पुढं बदल्या होत गेल्या. चोऱ्या, मारामाऱ्या, बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, सगळं केलं. लोक माझी ओळख करून देताना सांगतात, मॅडम शिस्तीच्या, मॅडम कुणाचं ऐकत नाहीत. ते असेल खरं. पण मी पोलिसांत आले ती एकाच कामासाठी, आणि ते काम मी कुणावर सोपवलं नाही. ज्या ज्या ठाण्यात गेले तिथं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, बेवारस कुणी सापडलं तर मला उठवायचं, कुठल्याही वेळी. फडकं मी उचलते. माती देईपर्यंत मी थांबते. मन जड होतं, तरी थांबते.

आबा शेवटची दोन वर्षं माझ्याकडेच होते, माझ्या क्वार्टरमध्ये. अंगानं अगदी वाळले होते. नजर मंदावली होती, पण माझ्या बुटांचा आवाज त्यांना फाटकापासून ओळखू येई. पलंगावरूनच ते मान वळवत. मी म्हणे, “आपला नव्हता, आबा.” ते डोळे मिटून घेत.

ते गेले त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. ठाण्याच्या हद्दीत, हायवेच्या पुलाखाली एक माणूस सापडला होता. पंचेचाळीस-पन्नाशीचा, दाढी वाढलेला, अर्धे केस पांढरे. मी फडकं उचललं आणि उचलूनच धरलं. नाक सरळ होतं. कपाळ रुंद होतं. असं नाक, असं कपाळ हजारोंचं असतं. मी आठवायला लागले आणि मला दिगूचा चेहरा आठवेना. भिंतीकडे तोंड करून झोपलेली त्याची पाठ तेवढी आठवली. शिपाई म्हणाला, “मॅडम, ओळखीचे आहेत का?” मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना.

त्या दिवशी घरी आले तर आबांनी मान वळवली आणि वाट पाहिली. मी पलंगाच्या कडेला बसले.

“आबा, आज मला सांगता येत नाही.”

श्वासाची घरघर चालू होती.

“केस पांढरे होते?”

“अर्धे.”

“त्याचेही झाले असतील आता.” त्यांनी चादरीवरून चाचपडत माझा हात शोधला. “तू आठ वर्षांची होतीस, कला. तुला तो ओळखू येणार नाही. आता तर मलाही आला नसता.”

“मग मी कसं करू?”

“काय करणार,” आबा म्हणाले. “सगळ्यांचंच नीट कर.”

तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी त्या माणसासाठी कापड घेतलं, नवं. मातीच्या वेळी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते सांगत नाही. शिपाई जरा लांब उभे राहिले होते.